शुक्रवार, सजा

शारजाच्या पाठीमागे, सिमेंटच्या कारखान्यांपलीकडे
या भागाचं नावच सजा.
अरबीत अर्थ वेगळा असणार. मी कधी विचारला नाही.
व्हॅनमध्ये तीन विद्यार्थिनी, मांडीवर मशीन,
पिशवीत कापूस, खजूर, दोनशे फॉर्म.
फॉर्म इंग्रजीत.

कान तपासायला शांतता लागते.
इथे जनरेटर, कुंपणापलीकडे काँक्रीटचे ट्रक,
खोलीत बारा जण आणि खोकत चालणारा एसी.
शेवटी कंपनीची बस मिळाली. दारं लावली, इंजिन बंद केलं.
शांतता आली
आणि तिच्या मागोमाग त्रेचाळीस अंश.
रुवैदा कपाळ पुसत म्हणाली,
"मॅडम, आपल्या क्लिनिकमधली शांतता थंड असते."
टोमणा नव्हता तो. तरी लागला.

पहिला नेपाळचा, दुसरा करीमनगरचा.
तिसऱ्यानं कान पुढे करण्याआधी विचारलं,
"कागद कंपनीकडे जाणार का?"
एवढाच प्रश्न आम्ही फॉर्मवर छापला नव्हता.
हेस्सानं पेन खाली ठेवलं.
मोडक्या हिंदीत म्हणाली, कागद तुमचा, तुमच्या खिशात.
कंपनीला आकडे देऊ. नाव नाही.
हे ती माझ्याकडे बघत म्हणाली,
म्हणजे पाळायचं मला होतं.
रांग तेव्हा कुठे हलली.

दाऊद परकार, हर्णैजवळचा. एकोणीस वर्षं ग्राइंडरवर.
मराठी ऐकून आधी हसला, मग पुढे सरकला,
नजर माझ्या ओठांवर.
फोन केला की मुलगी म्हणते, बाबा, ओरडू नका.
त्याला वाटायचं, नेटवर्कचा घोळ आहे.
तीन वर्षांत चार सिमकार्डं बदलली त्यानं.

आलेख चार हजारापाशी कोसळला,
हातातला दोर सुटून पोहरा विहिरीत जावा तसा.
आधी बारीक अक्षरं जातात. स, श, फ, थ.
मुलीचं नाव सफिया.
पलीकडून ती नाव सांगते, याच्यापर्यंत पोचतं
नुसतं अ… इया.

"कानात घालायचे बोळे दिले नव्हते?"
दिले होते की. सहीसुद्धा घेतली.
पेटीत आहेत, पाकीट फोडलेलं नाही.
पिवळे, मऊ. गावी दाखवायला ठेवलेत.

शब्द ओळखायच्या आमच्या याद्या दोन, अरबी आणि इंग्रजी.
म्हणून जिस्नानं आदल्या रात्री मला फोन करकरून
मराठी शब्द मल्याळम लिपीत उतरवून घेतले होते.
तिनं कागदाआड तोंड लपवून म्हटलं, "मीट."
तो गप्प.
पुन्हा, "मीट."
त्यानं हळूच कागद बाजूला केला, तिचं तोंड बघितलं.
"मीठ गं पोरी. ठ. जरा जोर लाव."
बसच्या दारात उभे होते ते सगळे हसले,
एक बीडवाला म्हणाला, भाकर लिहा,
कुणी म्हणालं माड, कुणी सुकट, कुणी आणखी काही
जे मलाही कळलं नाही.
जिस्नानं गुणांच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं,
परीक्षक नापास.
आणि पान उलटून त्यांची यादी घ्यायला बसली.

हेस्साच्या पत्राला तीन आठवडे उत्तर नव्हतं.
चौथ्या आठवड्यात ती स्वतः गेली, आवाज मोजायचं यंत्र घेऊन,
मॅनेजरच्या टेबलावर नाही, ग्राइंडरच्या शेजारी उभी राहून
मॅनेजरशी बोलली.
त्याला दर वाक्याला "काय?" विचारावं लागलं.
शेडमध्ये एक पडदा लागला. एकच.
अजून पाच हवेत.

त्या शुक्रवारी मात्र मी दाऊदला एवढंच सांगू शकले,
उजवा गेलाय, डावा बरा आहे.
फोन इकडे धरा.

व्हॅनमध्ये सामान भरताना तो बसच्या सावलीत दिसला,
मोबाईल डाव्या कानाला, आवाज अगदी खाली,
सवय नसल्यासारखा घुटमळत:
"हळू बोलतोय मी.
तुला ऐकू येतंय ना?"